लोणावळा ते कर्जत, पाठीवर सॅक: हिवाळ्यातला पहिला मुक्कामी ट्रेक

"राजमाची किल्ल्यावर जायचंय, चढ किती आहे?" डिसेंबर उजाडला की ऑफिसातली नवखी मंडळी हे विचारतात. रात्र किती मोठी आहे, हे मात्र अजून एकानेही विचारलेलं नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे तेरा तासांचा काळोख. चढ दोन-तीन तासांत आटोपतो, रात्र तशी आटोपत नाही.

माझा पहिला मुक्कामी ट्रेक कॉलेजात असतानाचा. अंगात जीन्स, सॅकमध्ये एक सोलापुरी चादर आणि चौघांत मिळून एक टॉर्च. एका गडावरच्या देवळात पथारी टाकली आणि रात्री दोन वाजता चौघेही उठून एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसलो. पांघरायला प्रत्येकाकडे काही ना काही होतं, पण खाली अंथरायला कुणीच काही आणलं नव्हतं. दगडी फरशी अंगातली ऊब शोषून घेत होती. शेवटी एकाच्या सॅकमधून लोकलमध्ये वाचलेला पेपर निघाला. त्याच्या घड्या पाठीखाली सरकवून आम्ही पहाट गाठली. तेव्हापासून मी ट्रेक ठरवतो तो आधी रात्र मांडून, आणि खालचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

वाट राजमाचीचीच का

मुंबईहून पहिल्या मुक्कामी ट्रेकसाठी लोक हरिश्चंद्रगड नाहीतर कळसूबाई सुचवतात. दोन्ही उत्तम. पण तिथे पोचायला जीप ठरवा, पहाटे कसाऱ्याला उतरा, परतीची गाडी सांभाळा, असा सगळा जुगाड आला. राजमाचीला दोन्ही टोकांना रेल्वे आहे. लोणावळ्याला उतरायचं, चालत किल्ल्याच्या कुशीतल्या उधेवाडी गावात मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी कोंडाणे लेण्यांच्या वाटेने कोकणात उतरून कर्जतला लोकल पकडायची. ज्या वाटेने आलो त्याच वाटेने परत जायचं नाही, यातच निम्मी मजा आहे.

बरेच जण उलटं करतात: कर्जतकडून चढतात आणि लोणावळ्याला बाहेर पडतात. नवख्यांना मी तसं सांगत नाही. पहिल्या दिवशी सॅक सगळ्यात जड असते. लोणावळ्याकडची वाट लांब, साधारण १६ किलोमीटर, पण बरीचशी सपाट आणि रुंद मातीची आहे. खांद्यांना सॅकची ओळख व्हायला ती बरी. दुसरं कारण उन्हाचं. कोंडाण्याची उतरण घाटाच्या पश्चिम अंगाला आहे, त्यामुळे सकाळी ती बराच वेळ सावलीत असते. तिसरं कारण शुद्ध मुंबईकराचं: रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून येणाऱ्या गाड्या आधीच भरलेल्या असतात, कर्जतची लोकल मात्र कर्जतलाच लागते. खिडकी मिळते, सॅक वर रॅकवर जाते आणि अंबरनाथ यायच्या आत झोप लागते.

तारीख

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत केव्हाही. त्यातही ३१ डिसेंबरचा आठवडा आणि २६ जानेवारीला जोडून आलेली सुट्टी टाळा. तेव्हा लोणावळ्यात माणूस माणसाला सापडत नाही आणि राजमाचीच्या मातीच्या रस्त्यावर मोटारसायकली नि जीपगाड्या धुरळा उडवत असतात. जानेवारीतला दुसरा-तिसरा शनिवार-रविवार मला सगळ्यात आवडतो.

अमावस्येच्या जवळपासची तारीख निघाली तर सोनं. मुंबईत वाढलेल्या माणसाने आकाशात फार तर पाच-पन्नास तारे पाहिलेले असतात. इथे रात्री आठला पूर्वेकडे मृग नक्षत्र, त्याच्या खाली व्याध आणि वर कृत्तिकांचा पुंजका, असं सगळं एका नजरेत बसतं. पौर्णिमा असेल तर टॉर्चशिवाय अंगणात फिरता येतं, पण तारे जातात. दोन्ही एकदम मिळत नाही.

रात्र: झोपायचं कुठे, कशात

आधी थंडीचा अंदाज. उंचीवर जाताना दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास, तर राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांपैकी उंच असलेला श्रीवर्धन नऊशेच्या घरात. जानेवारीत मुंबईचं रात्रीचं तापमान सोळा-सतरा अंश असेल तर वर बारा-तेरा, कधी अकरा धरून चाला. थंडीची लाट आली आणि मुंबईतच लोक बाराच्या गोष्टी करायला लागले, तर वर पारा एक आकडी होऊ शकतो. हिमालयवाल्यांना याचं हसू येईल. पण आपण वर्षभर घामात राहणारी माणसं, आपल्याला बारा अंश आणि वर वारा म्हणजे पुरेसं आहे.

झोपायला तीन पर्याय आहेत. उधेवाडी हे राजमाचीच्या कुशीतलं छोटं गाव. तिथली बरीच कुटुंबं ट्रेकर्सची जेवणाची आणि झोपण्याची सोय करतात. पहिल्या खेपेला गावातच, कुणाच्या तरी ओसरीत किंवा पडवीत झोपा, असं माझं स्पष्ट मत आहे. तंबूचा हौशी खर्च दुसऱ्या ट्रेकला करा. जाण्याआधी दोन-तीन दिवस फोन करून किती माणसं, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता आणि दर एवढं ठरवून घ्या. पैसे रोख न्या. फोनला रेंज मिळेलच असं नाही, आणि रेंज नाही तर फोनवरून पैसेही देता येत नाहीत.

तंबूच न्यायचा असेल तर तो गावकऱ्यांना विचारून, ते दाखवतील तिथेच लावा. तळ्याकाठी लावायचा मोह होतो. उदयसागर तळ्याची जागा सुरेख आहेच, पण रात्री थंड हवा खोलगट जागी साचते आणि पाण्याजवळ दव जास्त पडतं. सकाळी तंबू पिळून काढावा लागेल. थोड्या उंचवट्यावर, वाऱ्याला आडोसा असेल अशी जागा बघा. आणि थंडी वाजते म्हणून तंबूच्या सगळ्या चेनी गच्च बंद करू नका. श्वासातली वाफ आतल्या कापडावर जमते आणि पहाटे थेंबथेंब तोंडावर पडते. वरची फट थोडी उघडी ठेवा.

तिसरा पर्याय देवळाचा. दोन बालेकिल्ल्यांमधल्या खिंडीत भैरवनाथाचं मंदिर आहे. ते गावाचं दैवत आहे, आपली धर्मशाळा नव्हे. विचारल्याशिवाय तिथे पथारी टाकू नये.

आता अंथरूण. आधी कॅरीमॅट घ्या, मग स्लीपिंग बॅग. पैसे कमी असतील तर हाच क्रम. आठ-दहा मिलिमीटर जाडीची फोमची साधी कॅरीमॅट फुगवायच्या महागड्या गादीपेक्षा बरी, काटा लागून फुटत तरी नाही. स्लीपिंग बॅगवर बहुधा दोन आकडे असतात: एक आरामात झोप लागेल तो, दुसरा कसंबसं निभावेल तो. दुकानदार दुसरा आकडा सांगतो, तुम्ही पहिला वाचा. तो पाच ते दहा अंशांच्या दरम्यान असला की सह्याद्रीतला कुठलाही हिवाळा निघतो. विकत घेण्याआधी एकदा भाड्याने आणून बघा. भाड्याच्या बॅगेत आत घालायला घरची एक जुनी सुती साडी किंवा चादर घ्या. स्वच्छताही राहते आणि ऊबही वाढते.

झोपताना दिवसभराचे घामट कपडे अंगात ठेवू नका. हा नियम मोडणारे रात्रभर कुडकुडतात आणि दोष बॅगेला देतात. झोपेचा एक कोरडा जोड वेगळा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचा आणि संध्याकाळी गावात पोचल्याशिवाय तो उघडायचा नाही. त्यात थर्मल किंवा जुना ट्रॅकसूट, जाड मोजे आणि कानटोपी. कानटोपीवरून मित्र चिडवतील. रात्री अकरानंतर तेच मागायला येतील.

सॅकमध्ये काय, किती

दोन दिवसांसाठी ४० ते ५० लिटरची सॅक पुरे. भरून, पाणी धरून, वजन आठ किलोच्या पुढे गेलं की काहीतरी फालतू भरलं आहे असं समजा. घरच्या वजनकाट्यावर आधी सॅकशिवाय उभे राहा, मग सॅक घेऊन, फरक वाचा. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या मधोमध येतील अशा बसवा. स्लीपिंग बॅग तळाशी. पाणी, टॉर्च, विंडचीटर आणि खाऊ हाताशी. कॅरीमॅट बाहेर आडवी बांधाल तर लोकलच्या दारात दर वेळी कुणाच्या तरी तोंडावर आपटेल, म्हणून उभी बांधा.

चालताना अंगात ड्रायफिटचा टी-शर्ट आणि सैल ट्रॅकपँट. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि थांबलात की तोच ओला कपडा हुडहुडी भरवतो. जीन्स घरी. त्यावर पातळ फ्लीस किंवा स्वेटर आणि वाऱ्यासाठी विंडचीटर, असे तीन थर. एक जाडजूड जॅकेट नेलं की ते दिवसभर कमरेला लटकतं, कारण बारा वाजता उन्हात चालताना हिवाळा आहे हे पटतही नाही.

बूट नवे घेतले असतील तर निदान दोन आठवडे घालून फिरा. महागडेच हवेत असं नाही. सह्याद्रीतल्या कातळावर आणि मुरमाच्या घसाऱ्यावर पकड घेणारा रबरी सोल हवा. जुनी ट्रेकर मंडळी अजून 'अॅक्शन ट्रेकिंग'चे साधे बूट घालून सगळा सह्याद्री पालथा घालतात. ऑफिसच्या जिमचे गुळगुळीत स्पोर्ट्स शूज मात्र कोंडाण्याच्या उतरणीवर तुम्हाला बसवतील, शब्दशः.

टॉर्च माणशी एक, डोक्याला लावायची असेल तर उत्तम. थंडीत बॅटऱ्या लवकर मान टाकतात. पॉवरबँक आणि फोन झोपताना बॅगेत, अंगाजवळ ठेवा. त्याखेरीज शिट्टी, क्रेप बँडेज, ओआरएसच्या दोन पुड्या, स्वतःची नेहमीची औषधं, आणि ओठांना नि टाचांना लावायला व्हॅसलीन. कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी, जी परतताना भरलेली असली पाहिजे.

खाणं-पाणी

स्टोव्ह नेऊ नका. कॅम्पिंगची गॅसची डबी ज्वालाग्राही, ती रेल्वेत नेणं बेकायदा आहे आणि धोक्याचंही. गावात चुलीवरचं पिठलं-भाकरी, ठेचा, वरण-भात मिळतो. मांसाहारी हवं असेल तर फोनवरच सांगा. दिवसा खायला घरून धपाटे किंवा दशम्या, लसणाची चटणी, शेंगदाणे-गूळ, खजूर, चिक्की. संक्रांतीच्या आगेमागे जात असाल तर तिळाचे लाडू. थंडीत त्यासारखं दुसरं काही नाही. केळी सॅकमध्ये जगत नाहीत. अनुभवाने सांगतो, चार्जरला सुद्धा वास येतो.

पाणी माणशी तीन लिटर लोणावळ्यातून भरूनच निघायचं. पावसाळ्यात या रस्त्याला पावलोपावली ओढे असतात, पण डिसेंबर-जानेवारीत त्यांच्या भरवशावर राहू नका. गावात पाणी मिळतं. तळ्याचं किंवा टाक्याचं प्यायची वेळ आलीच तर गाळून, पाणी शुद्ध करणारे मेडिक्लोरचे थेंब टाकून अर्धा तास थांबा. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पाणी पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात.

आधीचे तीन आठवडे

सोसायटीचे जिने हे मुंबईकराचं सर्वांत स्वस्त मैदान. आठवड्यातून तीन दिवस, पाठीवर चार-पाच लिटर पाण्याच्या बाटल्या घेऊन, सात मजले चढा-उतरा, पाच-सहा वेळा. उतरायला लिफ्ट घेऊ नका. गुडघे उतरतानाच बोलतात. एका रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंत भरलेली सॅक घेऊन चालत जा आणि परत या. खांदे कुठे घासतात, बूट कुठे चावतात, ते तिथेच कळू द्या.

एक रात्र घरच्या गॅलरीत किंवा गच्चीवर कॅरीमॅटवर झोपून बघा. घरचे हसतील. पण कुशीवर झोपणाऱ्याला कमरेखाली काय लागतं, उशी कशाची करायची, हे त्या एका रात्रीत समजतं.

पहिला दिवस, उलटा मोजून

सहाला सूर्यास्त. त्याआधी गडावर जाऊन परत यायचं तर साडेतीनला उधेवाडीत असायला हवं. १६ किलोमीटरला सॅकसह, जेवण आणि फोटो धरून, साडेपाच ते सहा तास. म्हणजे साडेनऊला, जमलं तर नऊलाच, लोणावळ्यातून पावलं पडली पाहिजेत. त्यासाठी पहाटेची इंद्रायणी एक्स्प्रेस बरी. सेकंड सीटिंगचं आरक्षण आधी करून ठेवा. वेळा बदलत असतात, आदल्या दिवशी बघून घ्या. कर्जतला गाडीला मागून इंजिनं लागतात, कारण बोरघाटात दर ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे. तेवढ्या थांब्यात वडापाव हातात पडतो. तोच नाश्ता.

लोणावळ्याहून तुंगार्ली धरणाच्या बाजूने वाट निघते. बऱ्याच ठिकाणी गाडीरस्ताच आहे. जिथे फाटे फुटतात तिथे पाटी शोधा, नसेल तर कुणी भेटेपर्यंत थांबून विचारा. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा. पहिल्या तासात वेग मुद्दाम कमी ठेवा. पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं विसावा, आणि विसाव्याला सॅक खाली. सगळ्यात मागे अनुभवी माणूस, आणि त्याच्या पुढे कुणीही अदृश्य होणार नाही एवढं अंतर.

गावात पोचलात की आधी झोपायची जागा उजेडातच लावून टाका, टॉर्च खिशात घ्या, मग श्रीवर्धनकडे निघा. भैरवनाथाच्या मंदिरापासून एका बाजूला श्रीवर्धन, दुसऱ्या बाजूला मनरंजन. श्रीवर्धनचा दुहेरी तटाचा चिलखती बुरूज चुकवू नका. तिथून खाली उल्हास नदीचं खोरं आणि समोर नागफणीचा सुळका दिसतो, आणि हा किल्ला इथे का बांधला ते इतिहासाच्या पुस्तकाशिवाय कळतं: कल्याणकडून बोरघाट चढणारी व्यापाराच्या मालाची प्रत्येक गोणी इथून दिसत असणार. सूर्य टेकायच्या अर्धा तास आधी उतरायला लागा. सूर्यास्त वाटेतूनही दिसतो.

शेकोटी गावाच्या अंगणात, यजमानांनी पेटवली तरच. हिवाळ्यात गडावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. एका ठिणगीने वणवा लागतो आणि तो डोंगर उतरतो. स्पीकर घरी ठेवा. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, त्यामुळे अत्तर, धूर, आरडाओरडा यांपैकी काहीही नको.

दुसरा दिवस

बूट घालण्याआधी उलटे करून आपटा, आत विंचू बसलेला असू शकतो. उजेड झाल्यावर मनरंजन बघून, नाश्ता करून नऊला उतरायला लागा. कोंडाण्याची वाट जंगलातून जाते आणि ढोरवाटांनी फसवते. उधेवाडीतल्या एखाद्या दादाला पैसे देऊन निदान निम्म्या वाटेपर्यंत बरोबर घ्या. पहिल्या खेपेला हा खर्च वाचवू नये. सुका मुरूम पायाखालून सरकतो. पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, काठी असेल तर पुढे. बुटांच्या नाड्या उतरताना पुन्हा घट्ट करा, नाहीतर अंगठ्याचं नख काळं होतं. कुणी पाय मुरगळला तर घाई करून उतरवू नका. ११२ या आपत्कालीन क्रमांकाला फोन लावा आणि गावात कळवा. लोणावळ्यात 'शिवदुर्ग मित्र'सारखी बचावकार्य करणारी अनुभवी मंडळी आहेत. निघण्याआधी घरी कागदावर वाट, माणसांची नावं आणि परतीची वेळ लिहून ठेवलेली असली की शोधणाऱ्यांचं काम निम्मं होतं.

दोन-अडीच तासांत लेणी लागतात. इथे घाई करू नका. कोंडाण्याचं चैत्यगृह दोन हजार वर्षांहून जुनं, लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात केलेली. तिथे एका मूर्तीजवळ ब्राह्मी लेख आहे: कण्ह याचा शिष्य बलक याने हे केलं. कारागिराने आपलं नाव मागे ठेवावं हे लेण्यांत क्वचित आढळतं. सॅक उतरवून सावलीत बसून उरलेले धपाटे तिथेच संपवा, कागद मात्र पिशवीत.

पुढे कोंदिवड्यापर्यंत चाल, तिथून रिक्षा किंवा टमटमने कर्जत. भाडं बसण्याआधी ठरवा. दोन-तीनच्या सुमाराची लोकल मिळाली तर दिवेलागणीच्या आत घरी.

घरी पोचल्यावर सॅक कोपऱ्यात टाकून आडवं व्हावंसं वाटेल. त्याआधी पाच मिनिटं काढा. स्लीपिंग बॅग उलटी करून गॅलरीच्या दोरीवर, कॅरीमॅट दाराला टेकवून, आणि बूट पेपरचे बोळे भरून बाहेर. भाड्याचा तंबू दमट परत केलात तर अनामत कापतात.